सोयाबीनची डाळ होते आणि दाणे शेतातच राहतात: पिकाच्या ओलाव्याप्रमाणे हार्वेस्टरची जुळणी कशी बदलावी

प्रश्न मराठवाड्यातील एका शेतकऱ्याचा आहे. त्यांनी आठ एकर सोयाबीन भाड्याच्या हार्वेस्टरने काढले. टाकीतून उतरलेल्या मालात डाळ झालेले दाणे बरेच निघाले, आणि पुढे पाऊस पडल्यावर शेतभर सोयाबीन उगवून आले. चालकाचे म्हणणे असे की सेटिंग बरोबर होती, कारण याच सेटिंगवर शेजारच्या गावात कुणाचीही तक्रार आली नव्हती. यंदा तेच यंत्र सोयाबीनला आणि पुढे हरभऱ्याला व गव्हालाही लावायचे आहे, तेव्हा कोणत्या पिकाला नेमके काय बदलावे, असे त्यांनी विचारले आहे.

चालक खोटे बोलत असेल असे मला वाटत नाही. हार्वेस्टरची एखादी जुळणी सोयाबीनसाठी बरोबर आणि गव्हासाठी चूक एवढाच हा हिशोब नसतो. सोयाबीनच्या एकाच शेतात सकाळी नऊ वाजता बरोबर असलेली जुळणी दुपारी एक वाजता चुकीची ठरते. शेजारच्या गावातील पीक ज्या ओलाव्यावर निघाले, त्या ओलाव्यावर आपले पीक निघालेच असेल असे नाही. म्हणून खाली जे आकडे मी देत आहे ते सुरुवातीचे आकडे समजावेत, यंत्राबरोबर आलेल्या पुस्तिकेशी ते ताडून पाहावेत आणि तेथून पुढे टाकीतील मूठभर दाणे व जमिनीवर सांडलेले दाणे पाहून फरक करावा.

आपल्या दोन तक्रारी दोन वेगळ्या ठिकाणच्या आहेत. डाळ होते ती यंत्राच्या पोटात, ड्रममध्ये, म्हणजे शेंगा मळणाऱ्या फिरत्या नळकांड्यात, किंवा त्यानंतरच्या वाटेवर. शेतात राहणारे दाणे मात्र सोयाबीनच्या बाबतीत बहुतांश पुढच्या बाजूला, म्हणजे कापणीच्या जागीच सांडतात. शेतकरी स्वाभाविकपणे यंत्राच्या मागे चालतो, भुसा हातात घेऊन पाहतो आणि त्यात चार दाणे दिसले की पंखा कमी करायला सांगतो. त्याने पुढची गळती थांबत नाही आणि टाकीत कचरा मात्र वाढतो. म्हणून काहीही बदलण्यापूर्वी एकदा मोजून पाहावे.

मोजणी सोपी आहे. चार मीटर दोरीची दोन टोके बांधून तिचा एक मीटर बाजूचा चौकोन करावा. यंत्र शेताच्या मध्यावर, बांधापासून दूर, नेहमीच्या वेगाने चालू असताना थांबवावे आणि चार-पाच मीटर मागे घ्यावे. भुसा पसरवणारा पंखा बसवलेला असेल तर तेवढ्यापुरता बंद ठेवावा. आता तीन ठिकाणी चौकोन टाकून दाणे मोजायचे, आणि न फुटलेल्या शेंगांतील दाणेही त्यात धरायचे: पहिली जागा समोरच्या उभ्या पिकात, दुसरी कापलेल्या पण ज्यावर यंत्रातला भुसा अजून पडलेला नाही अशा पट्ट्यात, आणि तिसरी यंत्राच्या मागे, भुसा पडला आहे तेथे. समजा, उभ्या पिकात १० दाणे मिळाले, कापलेल्या पट्ट्यात ७० आणि मागे ११०. उभ्या पिकातील १० दाणे यंत्र येण्यापूर्वीच गळलेले आहेत. पुढच्या भागाने सांडलेले ६०. मागून पडलेले ४० दिसतात, परंतु हा भुसा यंत्राच्या अंगाएवढ्या रुंदीत पडतो आणि ती रुंदी १४ फुटी हेडरच्या, म्हणजे पीक कापणाऱ्या पुढच्या भागाच्या, जेमतेम तिसऱ्या हिश्श्याएवढी असते. म्हणून संपूर्ण पट्ट्यावर पसरून पाहिले तर ते १२ च्या आसपासच भरतात. म्हणजे यंत्राने सांडलेल्या दर सहा दाण्यांपैकी पाच पुढून गेले. सोयाबीनच्या १०० दाण्यांचे वजन १२ ग्रॅम धरले तर चौरस मीटरला ७२ दाणे म्हणजे एकरी सुमारे ३५ किलो होतात, आणि २०२५-२६ च्या ५,३२८ रुपये क्विंटल या हमीभावाने त्याचे सुमारे १,८५० रुपये होतात. हा हिशोब चालकासमोर मांडला की बोलणे सोपे जाते.

आता पुढच्या भागाकडे वळू. सोयाबीनच्या खालच्या शेंगा जमिनीपासून अवघ्या चार-पाच बोटांवर असतात, म्हणून पाते जमिनीपासून सात ते दहा सेंटीमीटरवर चालले पाहिजे. कापणीनंतर उरलेल्या बुडख्यांवर शेंगा लटकलेल्या दिसल्या तर हेडर उंच आहे, हे उघड आहे. पण सगळ्या शेतात नव्हे तर ठरावीक पट्ट्यांतच शेंगा राहिल्या असतील, तर दोष उंचीचा नसून जमिनीच्या चढउताराचा असतो. रुंद वरंबा सरीवर पेरलेल्या सोयाबीनमध्ये हे हमखास घडते. तेथे यंत्र सरीच्या दिशेनेच चालवावे, चाके शक्यतो सरीत राहतील असे पाहावे, आणि आडवे चालवण्याचा मोह टाळावा, कारण आडवे चालताना हेडर प्रत्येक वरंब्यावर उचलला जातो आणि प्रत्येक सरीत आपटतो. पेरणीच्या वेळीच यंत्राने काढणी करायचे ठरले असेल तर वाणाचा विचार करणेही योग्य. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा एमएयूएस-१६२ हा वाण यंत्राने काढणीस योग्य म्हणूनच ओळखला जातो.

पाते आणि फिंगर (पाते ज्यांतून सरकते ते दाते) यांची स्थिती हात लावून पाहण्यासारखी असते, अर्थात इंजिन बंद करून आणि किल्ली खिशात ठेवून. बोथट पाते झाड कापत नाही, ओढते; आणि वाळलेल्या शेंगेला तेवढा हिसका उघडायला पुरतो. कापलेल्या बुडख्याचे टोक पाहावे. ते स्वच्छ कापलेले असेल तर ठीक, चिरडून तंतू निघालेले असतील तर पाती बदलावीत किंवा पाते आणि फिंगर यांतील सैलपणा काढावा. बुडखे चालण्याच्या दिशेने वाकून तिरपे कापलेले असतील तर यंत्राचा वेग जास्त आहे, कारण पात्याची फेरी पूर्ण होण्याआधीच यंत्र झाडाला पुढे ढकलते. सोयाबीनमध्ये ताशी तीन ते चार किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने चालू नये. वेग मोजायला मीटरची गरज नाही: २० मीटरवर दोन खुणा कराव्यात, हे अंतर कापायला १८ ते २४ सेकंद लागत असतील तर वेग बरोबर आहे, आणि १४ सेकंदांत पार होत असेल तर यंत्र ताशी पाच किलोमीटरच्या वर गेले आहे.

रील, म्हणजे पात्यावर फिरून पीक आत घेणारी चरखी, हे सर्वांत दुर्लक्षित अंग आहे. रीलचा काठ यंत्राच्या चालीपेक्षा किंचित जास्त, म्हणजे सुमारे १.१ ते १.२५ पट वेगाने फिरला पाहिजे. तो त्याहून जोरात फिरला तर शेंगांना फटके बसतात आणि हळू फिरला तर कापलेली झाडे पात्यावरून पुढे घरंगळतात. रीलच्या एका पट्टीला लाल फडके बांधून एका मिनिटातील फेरे मोजावेत. रीलचा व्यास एक मीटर असेल आणि यंत्र ताशी ३.६ किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला एक मीटर चालत असेल, तर रीलचे फेरे मिनिटाला २३ च्या आसपास असावेत. गव्हासाठी जोरात फिरवलेली रील तशीच ठेवून सोयाबीनमध्ये उतरलेली यंत्रे मी दर हंगामात पाहतो. रीलचा आस पात्याच्या थोडा पुढे, पंधरा-वीस सेंटीमीटर असावा आणि पट्ट्या झाडाच्या वरच्या तिसऱ्या हिश्श्याला हलकेच लागाव्यात.

आता डाळीचा प्रश्न. ड्रम आणि त्याखालची जाळी, जिला चालक कॉन्केव्ह म्हणतात, यांच्यातील अंतर आणि ड्रमचे फेरे या दोन गोष्टींवर मळणी ठरते. सुमारे ६० सेंटीमीटर व्यासाच्या ड्रमसाठी सोयाबीनला मिनिटाला ४५० ते ५५० फेरे आणि गव्हाला ८०० ते १,००० फेरे ही साधारण सुरुवात असते. जाळीचे अंतर सोयाबीनला पुढे २० ते २५ आणि मागे १० ते १२ मिलिमीटर, गव्हाला पुढे १० ते १४ आणि मागे ५ ते ७ मिलिमीटर ठेवून पाहावे. ड्रम कोणत्या प्रकारचा आहे हेही विचारून घ्यावे, कारण भातासाठी बसवलेला दातेरी ड्रम सोयाबीनला त्रासदायक ठरतो. पट्ट्यांचा ड्रम बरा. जाळी गव्हाची, बारीक अंतराच्या तारांची असेल तर मळलेला दाणा लवकर खाली पडत नाही, पुन्हा पुन्हा मार खातो. अशा जाळीतील एकाआड एक तारा काढता येत असतील तर काढाव्यात.

परंतु खरा बदल दिवसभरात करावा लागतो, आणि तोच कुणी करत नाही. ऑक्टोबरमध्ये सकाळी शेंगांवर दव असते, टरफल चिवट होते आणि काही शेंगा न फुटता मागे जातात. चालकाला ते दिसते, म्हणून तो ड्रमचे फेरे वाढवतो आणि जाळी जवळ आणतो. त्या वेळेपुरते हे बरोबरच असते. अकरा वाजता ऊन चढते, दव जाते, दुपारी टरफल नुसत्या बोटाच्या दाबाने उघडते आणि दाणाही कोरडा होतो. यंत्र मात्र सकाळच्याच जुळणीवर चालू राहते. डाळ होते ती या दोन-तीन तासांत. म्हणून दुपारी आधी जाळी थोडी लांब करावी, मग गरज वाटली तर ड्रमचे फेरे ५० ते १०० ने कमी करावेत. दोन्ही एकदम बदलू नयेत, नाहीतर कशाने फरक पडला ते कळत नाही. थोड्या शेंगा न फुटता राहिल्या तरी चालेल, पण सगळ्या शेंगा फोडण्याच्या हट्टापायी दाणा फुटू देऊ नये.

सोयाबीन काढणीला दाण्यातील ओलावा १३ ते १५ टक्के असताना सर्वांत चांगले जमते. १२ टक्क्यांच्या खाली गेल्यावर शेंगा पुढच्या भागातच उघडतात आणि दाणाही डाळ होतो. बाजार समितीत किंवा शेतकरी कंपनीकडे ओलावा मापक असतो, तेथे मूठभर नमुना नेऊन पाहता येतो. हमीभाव केंद्रावर १२ टक्के ओलाव्याची अट लावली जाते, म्हणून अनेक जण पीक शेतातच कडक वाळू देतात. त्यापेक्षा १४ टक्क्यांवर काढून ताडपत्रीवर पातळ पसरून वाळवलेले कधीही परवडते. पीक आधीच कडक वाळले असेल तर सकाळी दव उडाल्याबरोबर सुरुवात करावी, भर दुपारी दोन-तीन तास यंत्र थांबवावे आणि संध्याकाळी पुन्हा चालवावे.

येथे एक गैरसमज मुद्दाम सांगतो. चालकाला "ड्रम कमी करा" म्हटले की अनेकदा तो इंजिनचा थ्रॉटल कमी करतो. ड्रमचा आवाज खाली येतो, शेतकऱ्याचे समाधान होते; पण थ्रॉटलबरोबर पंखा, चाळण्या आणि भुसा हलवणारे वॉकर हे सगळेच मंदावतात, आणि जे दाणे आतापर्यंत टाकीत जात होते ते भुशाबरोबर बाहेर जाऊ लागतात. इंजिन नेहमी त्याच्या ठरलेल्या पूर्ण फेऱ्यांवर चालले पाहिजे. ड्रमचे फेरे व्हेरिएटरने (फेरे कमी-जास्त करणाऱ्या रचनेने) किंवा पुली बदलून कमी करायचे असतात आणि यंत्राची चाल गिअरने किंवा हायड्रोलिक लीव्हरने.

ड्रम आणि जाळी नीट करूनही डाळ होत असेल तर रिटर्न एलिव्हेटरचे झाकण उघडून पाहावे. त्याचे काम न मळलेल्या शेंगा परत ड्रमकडे पाठवणे हे आहे, त्यामुळे त्यात शेंगांचे तुकडे दिसले पाहिजेत. तेथे ओंजळभर चांगले, सुटे दाणे दिसले तर चाळणी आवळलेली आहे आणि तेच दाणे फिरून फिरून ड्रममध्ये जात आहेत. अशा वेळी ड्रमवर कितीही वेळ घालवला तरी उपयोग नसतो, खालची चाळणी थोडी उघडावी लागते. एलिव्हेटरची साखळी सैल असणे आणि ऑगरच्या (दाणे पुढे ढकलणाऱ्या मळसूत्राच्या) पात्याची कड झिजून धारदार होणे, हीही दाणा फुटण्याची कारणे आहेत.

पंखा आणि चाळण्यांविषयी थोडक्यात. सोयाबीन आणि हरभरा जड दाण्याचे, म्हणून वारा भरपूर आणि वरची चाळणी मोकळी ठेवता येते. गव्हाला वारा त्याहून कमी लागतो. वारा कमी पडला की भुशाचा थर चाळणीवर चटईसारखा बसतो आणि दाणे त्यावरून घसरत मागे जातात. तेव्हा "दाणे उडतात, पंखा कमी करा" असे म्हणणे म्हणजे दुखणे वाढवणे होय. दाणे उडून जात आहेत की घसरून जात आहेत हे ओळखण्यासाठी यंत्र भरात चालू असताना एकदम थांबवून चाळणी पाहावी: वर जाड थर असेल तर वारा वाढवावा, चाळणी जवळजवळ रिकामी असेल तर कमी करावा. हिरवे तण, विशेषतः केना, यंत्रात गेले तर चाळण्या चिकट होतात आणि दाण्यावर हिरवा डाग व माती बसते. तणाचे पट्टे आधी हाताने काढावेत किंवा तेवढा भाग सोडून द्यावा.

हरभऱ्याची अडचण वेगळीच आहे. झाड बुटके, घाटे खाली, आणि काळ्या जमिनीत वर आलेली ढेकळे नेमकी हरभऱ्याच्या आकाराची. पाते खाली घेतले की ढेकळे आत येतात, आणि एकदा आत आलेल्या ढेकळाला पंखा उडवत नाही आणि चाळणी अडवत नाही, कारण वजन व आकार दोन्ही दाण्याएवढेच असतात. मालात माती येते ती यंत्राच्या मागच्या भागात दुरुस्त होत नाही. पाते जमिनीला न लागता चालेल एवढीच उंची ठेवावी, आणि खालचे काही घाटे राहिले तर राहू द्यावेत. पेरणीनंतर हलका रूळ किंवा फळी फिरवून जमीन सपाट केलेली असेल तर फार फरक पडतो. पुढच्या हंगामासाठी राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा फुले विक्रम हा उंच वाण विचारात घ्यावा. त्याचे घाटे जमिनीपासून बरेच वर लागत असल्याने तो यंत्राने काढणीस सोयीचा आहे. ड्रम आणि जाळी सोयाबीनजवळचीच ठेवून सुरुवात करावी. फेब्रुवारी-मार्चच्या दुपारी हरभराही चट्कन डाळ होतो, म्हणून वेळेचे वर सांगितलेले सगळे येथेही लागू आहे.

गव्हात दाणा फुटण्यापेक्षा दाण्याला कोंडा चिकटून राहण्याची तक्रार जास्त येते. तसे दिसले तर आधी जाळी मागच्या बाजूने जवळ आणावी, मग फेरे वाढवावेत. फार मार दिला तर काडाचा बारीक चुरा होऊन चाळण्या तुंबतात. भुशासाठी मागून स्ट्रॉ रीपर (उभ्या काडाचा भुसा करणारे यंत्र) फिरवायचा असेल तर काड उंच ठेवले तरी हरकत नाही, उलट यंत्रात कमी काड गेल्याने मळणी स्वच्छ होते. अवकाळी पावसाने आणि वाऱ्याने लोळलेल्या गव्हात मात्र पीक ज्या दिशेला झुकले असेल त्याच्या उलट दिशेने किंवा तिरके चालावे, रील खाली आणि पुढे घ्यावी, तिची बोटे मागे कललेली ठेवावीत म्हणजे ती ओंब्या उचलून आत घेतील, आणि चाल निम्म्यावर आणावी. जाता-येता दोन्ही दिशांनी कापण्याचा आग्रह येथे नुकसानीचा ठरतो, परतीची फेरी रिकामी गेली तरी चालेल.

अडचण अशी की भाडे एकरावर ठरते, त्यामुळे चालकाला लवकर संपवण्यात फायदा असतो आणि आपल्याला सावकाश चालण्यात. हे आधीच बोलून घ्यावे: पहिल्या फेरीनंतर थांबून मोजणी करायची, दुपारी जुळणी बदलायची, आणि त्यासाठी एकरी काही रक्कम जास्त द्यायची. वरचा ३५ किलोंचा हिशोब पाहता हा सौदा महाग पडत नाही. यंत्र शेतात उतरवण्यापूर्वी टाकी, एलिव्हेटर आणि चाळण्या रिकाम्या करून घ्याव्यात, कारण आधीच्या शेतातील दुसऱ्या वाणाचे दाणे आणि गाजरगवताचे बी त्यांतूनच येते.

घरचे बियाणे ठेवायचे असेल तर तेवढा तुकडा हार्वेस्टरला देऊ नये. सोयाबीनच्या बियाण्याचे टरफल इतके नाजूक असते की डाळ न झालेल्या, दिसायला अखंड दाण्यालाही आतून इजा झालेली असू शकते. त्या तुकड्यातील पीक हाताने कापून, वाळवून, मळणी यंत्राचे फेरे मिनिटाला ३५० ते ४०० ठेवून मळावे. नाइलाजाने हार्वेस्टरचाच माल ठेवावा लागला तर सकाळच्या वेळचा, कमी फेऱ्यांवर काढलेला माल वेगळ्या पोत्यांत भरावा आणि पेरणीपूर्वी ओल्या गोणपाटात १०० दाणे ठेवून उगवण पाहावी. ७० पेक्षा कमी दाणे उगवले तर प्रमाणित बियाण्याचा किमान निकषही ते पूर्ण करत नाही, आणि अशा वेळी एकरी बियाणे वाढवावे किंवा दुसरे बियाणे पाहावे.